काय दाखवायचे नाही हे ठरवणारा दिग्दर्शक: यासुजिरो ओझू

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूंचा चित्रपट पहिल्यांदाच पाहणाऱ्याची तक्रार बहुधा एकच असते, ती म्हणजे यात काही घडतच नाही. माणसे जेवतात, चहा पितात, मुलीच्या लग्नाविषयी बोलतात, आगगाडीने कुठेतरी जातात आणि परत येतात. कोणी फारसा आवाज चढवत नाही, कॅमेरा जागचा हलत नाही, आणि मधूनच पडद्यावर रिकामा बोळ किंवा वाळत घातलेले कपडे दिसत राहतात. ही तक्रार समजण्यासारखी आहे, पण ती अर्धीच खरी आहे. ओझूंच्या चित्रपटांत लग्ने होतात, माणसे मरतात, घरे विस्कटतात; फक्त ज्या क्षणी हे घडते, नेमक्या त्या क्षणी कॅमेरा दुसरीकडे असतो. आपल्या पस्तीसेक वर्षांच्या कारकिर्दीत या माणसाने चित्रपट-माध्यमाची एकेक हुकमी सोय स्वतःहून सोडून दिली. त्या सोयी त्यांना वापरता येत नव्हत्या म्हणून त्यांनी त्या सोडल्या, असे मात्र नव्हे. त्यांचे सुरुवातीचे चित्रपट पाहिले तर उलट चित्र दिसते, आणि म्हणून त्यांची शैली समजून घ्यायची तर ती त्यांच्या आयुष्याच्या क्रमानेच घ्यावी लागते.

ओझूंचा जन्म १२ डिसेंबर १९०३ रोजी टोकियोच्या फुकागावा भागातला. घराण्याचा धंदा खतांचा होता आणि मूळ गाव मिए प्रांतातले मात्सुसाका. ओझू दहाएक वर्षांचे असताना आई मुलांना घेऊन मात्सुसाकाला राहायला गेली आणि वडील व्यवसायासाठी टोकियोतच थांबले. पुढे ज्यांच्या चित्रपटांत बाप हा घराचा कणा म्हणून दिसतो, त्यांचे स्वतःचे वाढते वय बहुतांशी बापाविना गेले. त्यावरून त्यांच्या प्रत्येक चित्रपटाचा अर्थ लावण्याचा मोह अनेक लेखकांना झाला आहे. तो आवरलेलाच बरा. शाळेत ते फार आज्ञाधारक नव्हते. एका धाकट्या मुलाला प्रेमपत्र लिहिल्याच्या आरोपावरून १९२० साली त्यांना वसतिगृहातून काढून टाकण्यात आले आणि मग ते घरून रोज आगगाडीने शाळेला जाऊ लागले. चित्रपटगृहाची ओढ तोवर लागलीच होती, आणि ती जपानी नव्हे तर अमेरिकी चित्रपटांची होती. ‘सिव्हिलायझेशन’ हा १९१६ चा अमेरिकी युद्धपट पाहून आपण दिग्दर्शक व्हायचे, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

उच्च शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेत अपयश आल्यावर एका डोंगराळ गावातल्या शाळेत त्यांनी वर्षभर बदली शिक्षकाचे काम केले. १९२३ मध्ये ते टोकियोला परतले आणि ऑगस्टमध्ये शोचिकू कंपनीच्या कामाता येथील स्टुडिओत कॅमेरा विभागात मदतनीस म्हणून लागले. वडिलांचा विरोध होता. एका नातेवाइकाच्या ओळखीने काम झाले. मदतनिसाचे काम म्हणजे जड कॅमेरा खांद्यावर वाहणे. नोकरी लागून महिनाही झाला नव्हता तोच, १ सप्टेंबर १९२३ रोजी, कांतोचा महाभूकंप झाला आणि टोकियोचा मोठा भाग आगीत गेला. ओझूंचे घरही गेले, घरची माणसे वाचली.

पुढे वर्षभराची लष्करी सेवा झाली, मग ते सहायक दिग्दर्शक झाले. दिग्दर्शकपद कसे मिळाले त्याची गोष्ट त्यांच्या शांत प्रतिमेला मुळीच शोभणारी नाही. १९२७ साली स्टुडिओच्या उपाहारगृहात एकजण रांग मोडून पुढे घुसला म्हणून ओझूंनी त्याला ठोसा लगावला. स्टुडिओप्रमुख शिरो किदो यांच्यासमोर जाब द्यायला उभे राहायची वेळ आली, तेव्हा त्यांनी जाताना स्वतःची एक पटकथाच सोबत नेली आणि ती पुढे केली. त्याच वर्षी त्यांना दिग्दर्शक म्हणून बढती मिळाली. ‘पश्चात्तापाची तलवार’ अशा अर्थाच्या नावाचा त्यांचा पहिला चित्रपट तलवारबाजीचा, म्हणजे ऐतिहासिक पोशाखी प्रकारातला होता. तो आज उपलब्ध नाही. त्याची पटकथा कोगो नोदा यांनी लिहिली होती, आणि हे नाव लक्षात ठेवायला हवे, कारण ओझूंच्या शेवटच्या चित्रपटाचे सहलेखकही तेच आहेत.

शोचिकू ही मुळात काबुकी नाटकांच्या व्यवसायातून आलेली कंपनी होती. किदो यांनी तिला एक निश्चित वळण दिले. सामुराई आणि सरदार बाजूला ठेवून पगारदार कारकून, छोटे दुकानदार, बेकार पदवीधर यांच्या आयुष्यावर हसत-हसत डोळ्यांत पाणी आणणारे चित्रपट काढायचे, हे ते वळण. या प्रकाराला जपानीत ‘शोशिमिन-गेकी’, म्हणजे निम्न-मध्यमवर्गीयांची नाटके, असे म्हणतात. ओझू या साच्यात वाढले. या काळात ते वर्षाला चार-पाच चित्रपट काढत असत, आणि त्यांत कॉलेजातल्या टवाळक्या होत्या, गुंडपट होते, अमेरिकी विनोदी नट हॅरॉल्ड लॉइडच्या ढंगाचे विनोद होते, सरकता कॅमेराही होता. पात्रांच्या खोल्यांत भिंतीवर अमेरिकी चित्रपटांची पोस्टरे लटकलेली असत. ज्या दिग्दर्शकाला पुढे ‘सर्वांत जपानी’ म्हटले गेले, त्याची शाळा ही होती.

१९३२ चा ‘आय वॉज बॉर्न, बट...’ हा मूकपट या काळातला सर्वोत्तम म्हणता येईल. दोन लहान भाऊ आईवडिलांसोबत उपनगरात राहायला येतात आणि गल्लीतल्या पोरांमध्ये दांडगाईने आपले स्थान मिळवतात. मग वडिलांच्या साहेबाच्या घरी, हौसेने काढलेल्या एका घरगुती फिल्ममध्ये, आपला बाप साहेबाला खूश करण्यासाठी माकडचेष्टा करताना त्यांना दिसतो. साहेबाच्या मुलाला तर आपण सहज लोळवू शकतो, मग आपल्या बापाने त्याच्या बापापुढे का वाकायचे, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘पगार’ एवढेच आहे, आणि मुले जेवण सोडून उपोषणाला बसतात. विनोदी म्हणून सुरू झालेला चित्रपट इतका कडू होतो की, कंपनीलाही तो प्रदर्शित करताना जड गेले होते. ‘किनेमा जुम्पो’ या प्रतिष्ठित नियतकालिकाच्या वार्षिक पाहणीत तो पहिला आला. १९३३ आणि १९३४ मध्येही पहिला क्रमांक ओझूंच्याच चित्रपटांना मिळाला.

जगभर बोलपट रुळले तरी ओझू १९३६ पर्यंत मूकपटच काढत राहिले. जपानमध्ये मूकपट उशिरापर्यंत टिकले याला एक कारण होते. तिथल्या चित्रपटगृहांत ‘बेन्शी’ नावाचे निवेदक पडद्याशेजारी बसून सगळ्या पात्रांचे संवाद आणि कथा रंगवून सांगत, आणि काही बेन्शी नटांइतकेच लोकप्रिय होते. ओझूंचे स्वतःचे कारण मात्र वैयक्तिक होते: त्यांच्या कॅमेरामनने स्वतःची ध्वनिमुद्रण-पद्धत तयार करायला घेतली होती, आणि बोलपट काढला तर तुझ्याच यंत्रावर काढीन, असा शब्द ओझूंनी त्याला दिला होता. ‘द ओन्ली सन’ हा त्यांचा पहिला बोलपट १९३६ साली त्याच यंत्रावर झाला. कष्टाने मुलाला शिकवणारी गिरणी-कामगार आई त्याला भेटायला टोकियोला जाते आणि तो तिथे रात्रशाळेत शिकवून जेमतेम पोट भरत असलेला तिला आढळतो, एवढीच त्याची कथा आहे. सतरा वर्षांनी येणाऱ्या ‘टोकियो स्टोरी’चे बीज इथे स्पष्ट दिसते.

सप्टेंबर १९३७ मध्ये ओझूंना लष्कराचे बोलावणे आले आणि ते चीनच्या आघाडीवर गेले. ते ज्या तुकडीत होते ती विषारी वायूची शस्त्रे हाताळणारी होती. त्यांच्या नंतरच्या चित्रपटांतील सौम्यपणा पाहून हा भाग गाळण्याची सवय अनेक चरित्रलेखांना असते, पण तो त्यांच्या आयुष्यात होता आणि तो नमूद करायलाच हवा. त्यांचा जवळचा मित्र, गुणी दिग्दर्शक सादाओ यामानाका, १९३८ मध्ये आघाडीवरच आजाराने वारला. १९३९ मध्ये परतल्यावर ओझूंनी लिहिलेली एक पटकथा लष्करी नियंत्रकांनी अडवली. ती ‘द फ्लेव्हर ऑफ ग्रीन टी ओव्हर राइस’ या नावाने बदललेल्या रूपात १९५२ मध्ये पडद्यावर आली.

यानंतरचे प्रकरण भारतीय वाचकाला अनपेक्षित वाटेल. १९४३ साली ओझूंना लष्करी प्रचारपट काढण्यासाठी सिंगापूरला पाठवण्यात आले. तिथे ठरलेला विषय होता सुभाषचंद्र बोस आणि आझाद हिंद सेना, आणि नाव होते जपानीत ‘देरी ए, देरी ए’, म्हणजे ‘दिल्लीकडे, दिल्लीकडे’. ‘चलो दिल्ली’ या घोषणेचाच तो पडसाद होता. चित्रपट पूर्ण झाला नाही. युद्धाचा शेवट दिसू लागल्यावर ओझूंनी पटकथा आणि चित्रित झालेला भाग नष्ट केला. दरम्यान त्यांच्या हाती एक वेगळीच दौलत लागली होती: जपानी सैन्याने जप्त केलेल्या अमेरिकी चित्रपटांची रिळे. त्यांतच ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ होता, आणि ओझू त्याने थक्क झाले. शरणागतीनंतर त्यांनी नजरकैदेत काही काळ रबराच्या मळ्यात काम केले. मायदेशी जाणाऱ्या पहिल्या बोटीत चित्रपट-पथकातल्या सर्वांना जागा नव्हती, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. ओझूंची चिठ्ठी निघाली, तरी त्यांनी आपली जागा दुसऱ्याला दिली आणि ते फेब्रुवारी १९४६ मध्ये परतले.

‘सिटिझन केन’ने थक्क झालेल्या माणसाने पुढे काय केले, तर त्याच्या नेमके उलट. केनमधला कॅमेरा छपरातून खाली उतरतो. ओझूंचा कॅमेरा दिवसेंदिवस अधिकच स्थिर होत गेला. १९४९ पासून पुढचा प्रत्येक चित्रपट त्यांनी कोगो नोदा यांच्यासोबत लिहिला. लिखाणाची पद्धत अशी, की दोघांनी सागरकिनाऱ्यावरच्या चिगासाकी गावातल्या एका पथिकाश्रमात, आणि पुढच्या काळात नागानो प्रांतातल्या तातेशिनाच्या डोंगरात, महिनोन्‌महिने मुक्काम ठोकायचा. रात्री उशिरापर्यंत गप्पा, साके, म्हणजे तांदळाची दारू, आणि संवादांची जुळवाजुळव करायची. ‘टोकियो स्टोरी’ची पटकथा संपली तेव्हा रोजनिशीत नोंद झाली ती अशी, की १०३ दिवस लागले आणि साकेच्या ४३ बाटल्या. त्यांच्या पद्धतीत कथानक आधी ठरत नसे. कोणता नट कोणती भूमिका करणार हे आधी ठरे, मग त्या नटाच्या तोंडी शोभतील असे संवाद, आणि संवादांतून कथा.

युद्धोत्तर चित्रपटांची कथा मग बहुधा एकाच गोष्टीभोवती फिरते. मुलगी लग्नाच्या वयाची झाली आहे, आणि वडील एकटे आहेत. जपानमधल्या ‘ओमिआई’ या प्रथेत मध्यस्थामार्फत दोन घराण्यांची भेट घडवून स्थळ पाहिले जाते, म्हणजे आपल्याकडचा कांदेपोह्यांचा कार्यक्रमच. पोह्यांच्या जागी तिथे चहा असतो, आणि मध्ये बोलणारी आत्या तर अगदी आपलीच वाटते. याच विषयावर ते पुन्हा पुन्हा चित्रपट काढतात म्हणून त्यांच्यावर टीका होई, तेव्हा त्यांचे उत्तर ठरलेले असे: मी तोफू, म्हणजे सोयाबीनचे पनीर, बनवणारा आहे, तळलेला तोफू मागाल तर तोही देईन, पण माझ्या दुकानात कटलेट मागू नका.

आता त्या शैलीकडे वळू, कारण ओझूंविषयी सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. पहिली गोष्ट कॅमेऱ्याच्या उंचीची. त्यांचा कॅमेरा जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर असतो, आणि त्यासाठी त्यांचे कॅमेरामन युहारू आत्सुता एक खास बुटकी तिपाई वापरत. याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे दिले जाते, की तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, बसलेल्या जपानी माणसाची ही नजर आहे. जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या आपल्याला हे लगेच पटते. पण नीट पाहिले तर कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षाही खाली असतो, आणि खुर्च्या-टेबलांच्या कचेरीत, बारमध्ये, रस्त्यावरही तो तितकाच खाली राहतो; तेव्हा ही कोणाची नजर नव्हे, ती रचनेची निवड आहे. स्वतः ओझूंनी तिचे जे मूळ सांगितले ते अगदीच व्यावहारिक होते. १९२८ च्या एका चित्रपटात बारच्या सेटवर दिव्यांच्या तारा जमिनीवर पसरलेल्या असत आणि प्रत्येक शॉटसाठी त्या हलवाव्या लागत. कॅमेरा खाली ठेवून किंचित वर वळवला की जमीन दिसेनाशी होते आणि वेळ वाचतो. सोय म्हणून आलेली गोष्ट अशी कायमची राहिली. खालून पाहिल्याने खोली एखाद्या रंगमंचासारखी एकापाठोपाठ एक सरकत्या दारांच्या चौकटींत उघडत जाते, आणि जेवणाच्या बुटक्या मेजावरचे कप-बाटल्या माणसांइतक्याच महत्त्वाच्या होऊन बसतात.

दुसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे, पण कळायला अवघड नाही. समोरासमोर बसून बोलणाऱ्या दोन माणसांच्या मध्ये एक काल्पनिक रेषा आहे असे धरा. जगभरचा नियम असा, की कॅमेऱ्याने या रेषेच्या एकाच बाजूला राहायचे, म्हणजे पडद्यावर एक माणूस डावीकडे पाहील, दुसरा उजवीकडे, आणि ते एकमेकांशी बोलत आहेत हे प्रेक्षकाला विनासायास कळेल. ओझू ही रेषा बेधडक ओलांडतात. त्यामुळे त्यांचे दोन्ही वक्ते एकाच दिशेला, जवळजवळ कॅमेऱ्यातच, पाहताना दिसतात. एकामागून एक येणारी दोन्ही चित्रे आकाराने आणि रचनेने एकमेकांवर बसावीत अशी जुळतात. पहिल्यांदा पाहताना थोडे गोंधळायला होते. मग लक्षात येते की, आपण संभाषण बाजूने ऐकत नसून दोघांच्या मध्ये बसलो आहोत आणि ते आळीपाळीने आपल्याशीच बोलत आहेत. या जुळणीसाठी ते इतके काटेकोर असत की, दोन शॉटच्या मध्ये मेजावरची बाटली किंवा कप खुशाल सरकवत. आधीच्या शॉटशी ते विसंगत होईल याची त्यांना फिकीर नव्हती, चौकट जमली पाहिजे एवढेच पुरेसे होते.

तिसरी गोष्ट त्या रिकाम्या दृश्यांची. दोन प्रसंगांच्या मध्ये ओझू तीन-चार स्थिर चित्रे ठेवतात: कारखान्याचे धुराडे, बारच्या पाट्यांची गल्ली, रिकामा पडवीसारखा मार्ग, दोरीवरचे कपडे. अभ्यासक नोएल बर्च यांनी यांना ‘पिलो शॉट’ असे नाव दिले. जुन्या जपानी कवितेत ‘माकुराकोतोबा’, म्हणजे उशी-शब्द, अशी ठरावीक विशेषणे असतात जी पुढच्या शब्दाला टेकू देतात. त्यावरून हे नाव आले. एरवी दोन प्रसंग जोडायला दिग्दर्शक चित्र काळे करत नेई किंवा एका चित्रात दुसरे विरघळवत असे. ओझूंनी ही युक्ती १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच टाकून दिली होती, तेव्हा प्रसंगांच्या मधली जागा भरायला त्यांच्याकडे हीच चित्रे उरली. ती केवळ ‘आता आपण कुठे आहोत’ हे सांगत नाहीत, कारण पुष्कळदा तीच चित्रे आपल्याला क्षणभर चकवतात. कथेला त्यांची गरज नसते. श्वास घ्यायला प्रेक्षकाला असते.

या सगळ्याचा एकत्रित परिणाम पाहायचा असेल तर १९४९ चा ‘लेट स्प्रिंग’ पाहावा. कामाकुरामध्ये राहणारे विधुर प्राध्यापक सोमिया आणि त्यांची सत्तावीस वर्षांची मुलगी नोरिको यांची ही गोष्ट आहे. भूमिका चिशू र्‍यू आणि सेत्सुको हारा यांच्या. वडिलांना सोडून जायला नोरिको तयार नाही, म्हणून वडील आपणच दुसरे लग्न करणार असल्याचे खोटे सांगतात. लग्नाआधी दोघे क्योतोच्या सहलीला जातात. रात्री शेजारी-शेजारी अंथरुणावर पडून ती बोलत असते, वडिलांना झोप लागते. ती छताकडे पाहून मंद हसते. मग खोलीतल्या अर्धवट अंधारातली एक फुलदाणी दिसते. पुन्हा तिचा चेहरा दिसतो, आणि आता डोळे भरून आलेले आहेत. पुन्हा फुलदाणी, या वेळी अधिक लांब. या फुलदाणीवर अभ्यासकांनी पानेच्या पाने खर्च केली आहेत. कोणी तिला झेन परंपरेतील स्थिरतेचे रूप म्हटले, कोणी म्हटले की आपल्या भावना ओतायला ते एक रिकामे भांडे आहे, तर कोणी म्हटले की तिचा अर्थ लावायचाच नाही, ते निव्वळ लक्ष दुसरीकडे वळवणे आहे. मला तिसरे म्हणणे सर्वांत जवळचे वाटते. हसण्याचे रडणे नेमके कोणत्या क्षणी झाले ते आपल्याला दिसत नाही; ते घडत असताना आपण फुलदाणीकडे पाहत असतो.

चित्रपटाचा सगळा रोख त्या लग्नाकडे आहे, आणि लग्न आपल्याला दिसतच नाही. नवरामुलगाही दिसत नाही. तो अमेरिकी नट गॅरी कूपरसारखा दिसतो, एवढेच ऐकू येते. वधूवेशातली नोरिको घरातून निघते, आणि पुढच्या प्रसंगात वडील मद्य पिऊन रिकाम्या घरी परतलेले असतात. ते खुर्चीत बसून फळ सोलू लागतात आणि त्यांचा हात थांबतो. इथे ओझूंनी र्‍यू यांना हंबरडा फोडायला सांगितले होते. तो आपल्याला जमणार नाही, असे र्‍यू म्हणाले, आणि एरवी एकेका शॉटसाठी नटांना वीस-वीस वेळा तेच करायला लावणाऱ्या ओझूंनी ते निमूट मान्य केले. आज तो प्रसंग पाहताना हंबरड्याची कल्पनाही करवत नाही.

१९५३ चा ‘टोकियो स्टोरी’ त्यांचा सर्वांत प्रसिद्ध चित्रपट आहे. ओनोमिची या बंदराच्या गावातले म्हातारे जोडपे टोकियोत स्थायिक झालेल्या मुलांना भेटायला जाते. मोठा मुलगा डॉक्टर, मुलीचे केशभूषेचे दुकान. दोघांनाही वेळ नाही. वाईट कोणीच नाही, हे या चित्रपटाचे वैशिष्ट्य आहे. मुलगी आईवडिलांना आतामीच्या गरम झऱ्यांवर पाठवते ती खरोखर त्यांना बरे वाटावे म्हणूनही, आणि घरातली अडचण दूर व्हावी म्हणूनही. मनापासून पाहुणचार करते ती युद्धात मेलेल्या मुलाची विधवा, नोरिको. परतीच्या वाटेवर आई आजारी पडते, पण तिचे गंभीर होणे आपल्याला तारेने कळते. ती मरते तेव्हाही आपण खोलीत नसतो. रात्री डॉक्टर आशा नसल्याचे सांगतात, मग पहाटेच्या ओनोमिचीची चित्रे येतात, धक्का, दगडी दिवा, रूळ, म्हणजे चित्रपटाच्या सुरुवातीला पाहिलेली जवळपास तीच ठिकाणे, आता निर्मनुष्य. आणि मग चेहऱ्यावर पांढरे कापड. वडील बाहेर उभे आहेत. पहाट फार सुंदर झाली, आजही उकडणार, एवढेच ते बोलतात.

युद्ध, अणुबाँब, परकी अंमल या सगळ्यांतून गेलेल्या देशात हा माणूस दिवाणखान्यातच काय करत बसला, असा आक्षेप पुढच्या पिढीने घेतला. शोहेई इमामुरा हे ‘टोकियो स्टोरी’वर ओझूंचे सहायक होते, आणि त्यांना या नेटकेपणाचा इतका कंटाळा आला की त्यांनी पुढे स्वतःच्या चित्रपटांत घाम, वासना आणि चिखल भरून टाकला. आक्षेपात तथ्य आहे, पण युद्ध ओझूंच्या घरांत नाही असे मात्र नाही. ते भिंतीवरच्या तसबिरीत आहे, न परतलेल्या मुलाच्या उल्लेखात आहे, ‘लेट स्प्रिंग’मध्ये सायकलने समुद्रकिनारी जाताना रस्त्याकडेला दिसणाऱ्या कोका-कोलाच्या पाटीत आहे.

१९५८ मध्ये ते रंगाकडे वळले तेही सावकाश आणि अटी घालून. लाल रंग हवा तसा उतरतो म्हणून त्यांनी आग्फाची जर्मन फिल्म निवडली, आणि ‘इक्विनॉक्स फ्लॉवर’मध्ये एक लाल किटली खोलीच्या कोपऱ्यातून या चौकटीतून त्या चौकटीत सरकत राहते. या शेवटच्या रंगीत चित्रपटांत कॅमेरा एकदाही हलत नाही. ओझूंनी लग्न केले नाही. ते आईसोबत उत्तर कामाकुरात राहत. १९६२ मध्ये ‘अ‍ॅन ऑटम आफ्टरनून’ची पटकथा लिहीत असताना आई गेली. त्यानंतर पुढच्या चित्रपटाची नोदांसोबत जुळवाजुळव सुरू असतानाच मानेचा कर्करोग निघाला, आणि १२ डिसेंबर १९६३ रोजी, बरोबर साठाव्या वाढदिवसाला, त्यांचे निधन झाले. कामाकुराच्या एंगाकु-जी मठातील त्यांच्या थडग्यावर नाव नाही. ‘मू’, म्हणजे ‘नाही’ किंवा ‘शून्य’, हे एकच अक्षर कोरलेले आहे, आणि भेट देणारे तिथे फुलांसोबत साकेच्या बाटल्या ठेवून जातात.

परदेशात त्यांचे नाव उशिरा पोहोचले. त्यांचे समकालीन जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या ‘राशोमोन’ला १९५१ मध्येच व्हेनिसचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता, पण ओझू परक्यांना कळणार नाहीत, असे खुद्द जपानी निर्यातदारांनाच वाटे. ‘टोकियो स्टोरी’ला लंडनमध्ये १९५८ साली सदरलँड ट्रॉफी मिळाली, तरी न्यू यॉर्कच्या चित्रपटगृहात तो लागायला १९७२ उजाडले. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने जगभरच्या दिग्दर्शकांकडून सर्वकालीन श्रेष्ठ चित्रपटांची मते मागवली, तेव्हा तोच पहिला आला.

तरीही नव्या प्रेक्षकाने ‘टोकियो स्टोरी’पासून सुरुवात करू नये असे मला वाटते. त्यासाठी १९५९ चा ‘गुड मॉर्निंग’ अधिक चांगला. एकमेकांना खेटून असलेल्या घरांची वसाहत, शेजारणींची चहाडी, आणि दूरचित्रवाणी संच घेऊन द्या म्हणून हटून बसलेले दोन भाऊ. जास्त बोलू नका, असे वडील दटावतात. त्यावर मोठा मुलगा उसळतो: मोठी माणसेच निरर्थक बोलतात, ‘नमस्कार’, ‘आज हवा छान आहे’, ‘कुठे निघालात’, ‘असेच जरा’. आणि दोघे मौन धरतात. या वसाहतीच्या आसपास एक बेकार तरुण भाषांतरकार आहे आणि त्या मुलांची मावशी आहे; दोघांचे एकमेकांवर मन आहे हे सर्वांना ठाऊक आहे. चित्रपटाच्या शेवटी ते दोघे रेल्वेच्या फलाटावर भेटतात. हवा छान आहे, तो म्हणतो. खरेच, छान हवा आहे, ती म्हणते. तो ढग पाहिलात का, कसा गमतीशीर आकार आहे. हो, गमतीशीर आहे खरा. गाडी येते, आणि पडद्यावर दोरीवर वाळत घातलेल्या चड्ड्या वाऱ्यावर हलताना दिसतात.